निरंक

बुराईच्या काठी आमच्या गावात
पोर जगावं म्हणून त्याचं नाव उखर्डू ठेवत.
आधी उकिरड्यावर लोळवायचं, मग उचलायचं,
म्हणजे मरण येतं, बघतं, नाक मुरडून निघून जातं.
सुपडू, धुडकू, दगडू :
हजेरीपटावर अर्धा वर्ग असा सोंग घेऊन बसलेला.

मरण फसायचं. नारू नाही.
त्याला नाव विचारायची सवयच नव्हती.

तो बारवेतून यायचा,
सत्तावीस पायऱ्या, खालच्या चार शेवाळलेल्या,
नजरेला न दिसणाऱ्या पाणपिसवेच्या पोटात बसून.
पिसू घागरीत, घागर ओठाला.
मग वर्षभर काहीच नाही.
कापूस वेचा, सोयरीक जुळवा, भांडा, झोपा.
आत कुणीतरी हातभर लांब होतंय
याची मांसाला खबर नाही.
नर आतल्या आत मरतो.
मादी उतरू लागते गुडघ्याकडून घोट्याकडे,
तिचं माहेर पाण्यात, म्हणून पायाकडे.

मग फोड. मग आग,
अशी आग की माणूस रात्री उठून
बारवेच्या पायरीवर पाय बुडवून बसतो.
तिला नेमकं हेच हवं असतं.
त्याला गार वाटतं
आणि त्याच घटकेला ती हजारो पिलं पाण्यात सांडते.
सकाळी तिथेच घागरी.

मी आरोग्य खात्यातला.
सायकल, टॉर्च, औषधाची बाटली,
पाणी गाळायच्या दुहेरी फडक्यांचा गठ्ठा
(बायकांनी त्यांची झबली शिवली)
आणि रजिस्टर. रकाने : नाव, वय, कोणता पाय, किती निघाला.

उखर्डू भिका भोई, चाळीस, डावा, तिसऱ्यांदा.
गंगाधर न्हावी रोज काडीवर
दोन बोटं गुंडाळायचा, त्याहून जास्त नाही.
‘हळू, भो. हाऊ तुटना ते तू बी गया.’
सतरा दिवस उखर्डू ओट्यावर पाय लांब करून,
काडी घोट्याला बांधलेली,
गल्लीतली पोरं रोज येऊन मोजून जायची.
तिकडे नदीपात्रातली त्याची डांगरवाडी
राखणीवाचून कोल्ह्यांनी संपवली.
शेपूट सुटलं तेव्हा
तो दोरा उन्हात धरून बघत राहिला.
‘वरीसभर मन्हा आंगमा ऱ्हायना,
नि माले पत्ता बी नही.’
रागाने नाही म्हणाला. काहीसं वाईट वाटल्यासारखं.

मी बारवेत औषध ओतलं.
न दिसणारं ते न दिसताच मेलं.
हातपंप आला. बारव बुजली, एक पायरी तेवढी वर राहिली,
तिच्यावर आता म्हशी अंग घासतात.
रजिस्टरात मी पहिल्यांदा लिहिलं : निरंक.
पुढच्या महिन्यात निरंक. त्याच्या पुढच्या महिन्यात निरंक.
खबर देणाऱ्याला बक्षीस लागलं,
तर एकजण काडीला गांडूळ गुंडाळून घेऊन आला.
तेही मी नियमाप्रमाणे तपासलं.

मग खात्याने पदच रद्द केलं.
आणि मला हिशोब लागला :
सायकलची लुना, लुनेचं घर,
थोरलीची धुळ्यातली फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
सगळं घोट्याघोट्यातून ओढून काढलेलं,
रोज दोन बोटं, त्याहून जास्त नाही.
नारू जगायचा उखर्डूवर.
नारूवर कोण जगत होतं,
त्याचा रकाना रजिस्टरात नव्हता.

परवा उखर्डूच्या नातवाचं बारसं झालं.
नाव स्वप्नील. सोंग नाही, उकिरडा नाही,
मांडवाला फुगे, वाटीत काजूकतली.
पोर मांडीवर येताच
म्हाताऱ्याचा अंगठा आपसूक त्याच्या घोट्याकडे गेला,
डाव्या, मग उजव्या,
दाबून, थांबून.

मी समोरच बसलो होतो.
त्याने मान वर केली, माझ्याकडे बघून
हलकेच हलवली :
नाही.
माझा हात खिशातल्या पेनावर गेला होता.